दरवाजाची दोरी

आमच्या 407 चा डावा दरवाजा दोन वर्षं दोरीनं बांधलेला होता. अम्मी त्या बाजूला बसायची आणि उदगीर येईपर्यंत दोरीचं टोक मुठीत धरून ठेवायची. सोयाबीन, तूर बाजारात न्यायची हीच गाडी, दवाखान्यालाही हीच. टाटांनी 407 काढली 1986 साली. आमच्या दारात ती चौथ्या हातानं आली, पण तिच्याच कमाईवर अब्बांनी माझ्या दोन बहिणींची लग्नं लावली. त्यामुळे भंगाराचा विषय घरात निघत नसे. मागच्या पावसाळ्यात देवणीबाहेरच्या वळणावर दरवाजा उघडला, अम्मीनं मांडीवरच्या माझ्या भाचीला कसंबसं आवरलं, आणि तो निघाला.

मी आयटीआय केलेला. दरवाजा बसत नाही म्हणजे बिजागरी वाकली, हा माझा हिशेब. दोनदा बिजागऱ्या सरळ केल्या, एकदा कड ठोकली. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा तेच. अब्बांची नजर अधू झालेली, म्हणून त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. त्या रात्री इशाच्या नमाजनंतर तेच म्हणाले, "दरवाजेकू नको मार रे. नीचे देख, केबिन बैठी."

खाली शिरलो. केबिन चेसिसवर थेट बसत नाही, मध्ये रबराचे जाड गुटके असतात. खड्ड्यात चेसिस पिळवटते, तो पीळ पत्र्यापर्यंत पोहोचू नये म्हणून. आमचे डावीकडचे गुटके चपटे होऊन चिरले होते, एक तर बोटानंच निघाला. केबिन त्या अंगाला बसली, चौकट तिरकी झाली. दरवाजा मुळात सरळच होता, वाकडा मी केला होता.

गंजलेल्या बोल्टांवर रात्रभर डिझेल सोडलं. सकाळी बॅटरीची वायर काढली, केबिन उचलताना स्टिअरिंगचा सांधा, गिअरचा रॉड, पाइप ताणले जाणार नाहीत ना ते पाहिलं. एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसरीकडचे नुसते सैल करायचे. जॅक आणि पत्रा यांच्यामध्ये जाड फळी हवीच, नाहीतर पत्रा आत जातो. आणि लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. एकानं सुचवलं, जुन्या टायरचे तुकडे घाला. पण त्यांची जाडी सारखी नसते. उदगीरहून सगळेच गुटके नवे आणले. एक बाजू जुनी ठेवली की तिरकेपणा तसाच.

मी लगेच पान्हा चालवायला लागलो. "अभी नको कस," अब्बा ओरडले. सगळे बोल्ट हातानंच लावायचे, दरवाजा चौकटीत बसवायचा, मग कसायचे. मडगार्ड आणि बॉनेट त्यानंतर, दरवाजाला धरून. अब्बा फटीतून वरपासून खालपर्यंत नख फिरवत होते. "मागं एक वायसर." घातला. पुन्हा नख. "अजून एक." मला डोळ्यांनी फट सारखीच दिसत होती.

असरच्या सुमारास दरवाजा एका हातानं लागला. अब्बांनी तो तीनदा उघडून लावला, कान लावून ऐकलं, आणि वजू करायला गेले.

रंग उडालेल्या जागी मी काळा हात मारला. पांढऱ्या गाडीवर काळे डाग, म्हणून पोरं तिला शेवरा म्हणतात. देवणी बैलांच्या गावात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोरी अम्मीनं सोडून घेतली. आता तिला बकरी बांधलेली असते.