कऱ्हेचं पाणी शिखरावर : चैत्रातल्या यात्रांची दैनंदिनी, भाग २

चैत्र शुद्ध सप्तमी, सासवड

मागच्या भागात बावधनचं बगाड होतं. तिथली धूळ अजून पिशवीतल्या कपड्यांवर आहे. आज सकाळी सासवडला संगमेश्वराच्या घाटावर येऊन बसले. कऱ्हा आणि चांबळी इथे एकमेकींना मिळतात. चैत्र लागलेला, पात्र उघडं पडलंय आणि दगडांच्या मधल्या खोलगट जागांत तेवढं पाणी उरलंय. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ नाव दिलं ते याच नदीवरून. पण मी इथे आले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. याच नदीचं पाणी तांब्याच्या रांजणांत भरून, खांद्यावर घेऊन, शंभरेक किलोमीटर चालत माणदेशातल्या शिखर शिंगणापूरला नेतात. संत भुतोजी तेली यांची कावड ती. लोक प्रेमानं तिला तेल्या भुत्याची कावड म्हणतात. ती केव्हाच पुढे गेली आहे. मी एसटीनं जाऊन तिला द्वादशीला गाठणार.

घाटावर एक आजी धुणं धूत होत्या. म्हणाल्या, “देवाच्या लग्नाला आमच्याकडनं पाणी जातंय, ताई.” लग्नात करवलीच्या हातात पाण्याचा कऱ्हा असतो, हे तेव्हा आठवलं. नदीचं नाव तेच, भांड्याचं नाव तेच.

चैत्र शुद्ध अष्टमी, शिखर शिंगणापूर

फलटण सोडलं की हिरवळ विरळ होत जाते आणि चढ सुरू झाल्यावर नुसता डोंगर दिसतो, करड्या गवताचा. ही शंभू महादेवाची रांग. हिच्या एका अंगाचं पाणी भीमेला जातं, दुसऱ्या अंगाचं कृष्णेला. पण आधी पडायला तर हवं! याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इथे माण तालुक्यात ५०० च्या आत-बाहेर.

दुपारी ध्वज बांधताना पाहिला. शंभू महादेवाच्या कळसापासून समोरच्या अमृतेश्वराच्या, म्हणजे बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत कापडाची लांबच लांब पट्टी ताणून बांधतात. खाली हजारो माणसं माना वर करून उभी. कापड वाऱ्यानं फुगलं की सगळ्यांचा श्वास अडकतो, पुन्हा ताणलं की ‘हर हर महादेव’. मराठवाड्यातून आलेली एक बाई माझ्या शेजारी हात जोडून रडत होती, का ते मी विचारलं नाही.

लग्न मध्यरात्री. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, शिव आणि शक्ती. मुंडावळ्या, हळद, अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं घरच्यासारखं. मी बाहेरच्या दगडी फरसबंदीवर होते. दिवसभर तापलेला तो दगड रात्री बारा वाजताही तळव्यांना ऊब देत होता. ‘सावधान’ झालं आणि अंधारातून तांदळाचा पाऊस आला. दोन दाणे केसांत राहिले ते तसेच ठेवलेत.

नवमी

उशिरा उठले. रामनवमी. पालांतून फिरले, उसाचा रस प्याले, दवण्याची एक पेंढी घेतली. खोली तिच्या वासानं भरून गेली आहे.

दशमी

आजचा दिवस पुष्कर तळ्याचा. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इसवी सन १६०० च्या सुमारास हे तळं बांधून घेतलं. शंभू महादेव भोसल्यांचं कुलदैवत. यात्रेकरूंचे आणि गावाचे पाण्यावाचून हाल होतात हे पाहून त्यांनी हे काम केलं. देवासाठी देऊळ बांधणारे पुष्कळ झाले, पण कुलदैवताच्या दारात त्यांना तळं बांधावंसं वाटलं, हे मला फार मोठं वाटतं. काठावर बसून बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

एक मेंढपाळ आजोबा सावलीला येऊन टेकले. खांद्यावर घोंगडं, इतक्या उन्हातसुद्धा. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढली. “तवा मी पोरगा हुतो. खडी फोडायच्या कामावर आई जायाची. मेंढरं समदी गेली. तरी यात्रंला आलोच. पाण्याचा देव हाय न्हवं आपला?” मी त्यांना विचारलं, इतक्या लांबून पाणी आणायची रीत का पडली असेल? त्यांनी माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. “पाहुणं येताना काय आणत्यात? ज्येच्या घरी जे न्हाई त्येच आणत्यात की.”

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या देवावर एक आख्खा ग्रंथ लिहिला आहे. दक्षिणेशी, कर्नाटकाशी असलेलं त्याचं नातं त्यांनी उलगडून दाखवलं. तो ग्रंथ वाचूनच मी इथवर आले. पण आजोबांचं वाक्यही त्याच्या शेजारी लिहून ठेवलं आहे.

एकादशी, कोथळे

डोंगर उतरून पायथ्याशी आले. मुंगी घाट इथून चढायचा. रानात जिकडे पाहावं तिकडे बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि चुली. गावोगावच्या कावडी येऊन टेकल्या आहेत. जवळून पाहिल्यावर कळतं काय वजन असेल ते. जाड कळकाचा दांडा, दोन्ही अंगांना तांब्याचे रांजण, वर रंगीत कापडांची आणि झेंड्यांची उंच सजावट. हलगी वाजायला लागली की पोरं ती खांद्यावर घेऊन नाचवतात. पाण्याचा थेंब सांडू देत नाहीत.

रात्री एका कुटुंबानं बळंच जेवायला बसवलं. पिठलं, बाजरीची भाकरी, कांदा. “उद्या चढायचंय, पोटभर खावा,” असं तीनदा म्हणाले.

द्वादशी, मुंगी घाट

पहाटे वर चढून कड्याजवळची जागा धरली. वरून खाली पाहिलं की घाटाचं नाव पटतं. माणसांच्या रांगा काळ्या कातळाला चिकटून वर सरकत होत्या.

वाट अशी नाहीच. निसरडा दगड, मुरूम, मध्येच उभी कपार. दुपारी बाराच्या पुढे दगडाला हात लावणं मुश्कील. आणि त्यातून कावडी चढतात. चढणारी माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात. पुढचे दोर ओढतात, खालचे खांदा देतात, मधले नुसते पाय रोवून भिंतीसारखे उभे राहतात. कावड त्यांच्या अंगावरून पुढे सरकते. कुणाचा पाय घसरला तर चार हात त्याला धरतात, पण कावडीखालचा एकही हात निघत नाही. मी तीन वेळा डोळे मिटून घेतले.

एका तरुणाचे तळवे सोललेले होते. त्याला पाणी दिलं, तर त्यानं आधी विचारलं, “आजीला दिलं का?” आजी त्याच्या मागे होती. सत्तरीच्या पुढची, अनवाणी, कपारीला धरून चढत होती. मी हात दिला. तिनं तो घेतला आणि वर आल्यावर सोडलाच नाही, बराच वेळ.

तेल्या भुत्याची कावड शेवटची. ऊन कलल्यावर खालून आरोळी ऐकू आली, “म्हाद्या, धाव!” देवाला अशी एकेरी हाक. भुतोजीबुवांचा देवाशी जो हक्क होता तोच या हाकेत अजून आहे. घरच्या माणसाला अडचणीत बोलवावं तशी ती हाक होती. आरोळी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात डोंगरभर झाली. माझ्या तोंडूनही निघाली. कावड कड्याच्या शेवटच्या टप्प्याला अडली, थरथरली, मागे गेली. पुन्हा हाक. पुन्हा दोर ताणले. आणि रांजणांचं तांबं तिरप्या उन्हात एकदम वर दिसलं.

रात्री कऱ्हेच्या पाण्याची धार महादेवाला घातली. मला गाभाऱ्यापर्यंत पोचता आलं नाही. दाराबाहेर ओल्या दगडाचा वास आला तेवढा.

त्रयोदशी

सकाळी घाटाच्या तोंडाशी पुन्हा गेले. कातळावर गुलाल, तुटलेला दोर, एक चप्पल. मेंढरं वर येत होती. काल जिथे माणसांची साखळी उभी होती तिथे पावलांनी खळगे पडलेत. पहिला वळीव आला की त्यांत पाणी साचेल.

दहाच्या एसटीनं कोल्हापूरकडे निघते आहे. पौर्णिमेला जोतिबाच्या सासनकाठ्या गाठायच्या आहेत. दवण्याची पेंढी बरोबर घेतली आहे, तिथेही हाच वास असेल.