त्रेचाळीस की चव्वेचाळीस?

ओव्हरक्लॉकिंगचा विषय निघाला की आपल्या होस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "किती गेला?" किती टिकला, हे कोणी विचारत नाही. प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर सुरू झाल्याचा फोटो काढायला दहा सेकंद पुरतात. त्याच प्रोसेसरवर कोणाच्या तरी फायनल इयर प्रोजेक्टचं गणित तीस-बत्तीस तास चालवायचं असेल, तर मामला वेगळा होतो. यंदा आमच्या रूमवर हा मामला झाला, त्याची ही हकीकत.

मशीन म्हणजे पासआउट झालेल्या एका सिनियरकडून आम्ही तिघांनी वर्गणी काढून घेतलेला डबा. आत इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००के, म्हणजे जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर. वयाने फर्स्ट इयरच्या पोरांपेक्षा फार लहान नाही. पण नावातल्या त्या 'के'ची किंमत आहे, कारण त्याचा मल्टिप्लायर उघडा असतो. मदरबोर्डही पी-६७ चिपसेटचा. एच-६१चा असता तर हा लेख लिहावाच लागला नसता, कारण त्यावर मल्टिप्लायर वर नेता येत नाही. वर एक टॉवर कूलर, सिनियरनेच बसवलेला. डब्याबरोबर आलेला छोटा कूलर असता तर मी या भानगडीत पडलो नसतो.

लॅबमधल्या सरांना हे सांगितलं तर ते थेट १९९८ सालात गेले. तेव्हाचा सेलेरॉन ३००ए ४४०बीएक्सच्या बोर्डवर लावायचा, ६६ मेगाहर्ट्झची बस १०० करायची, साडेचारचा मल्टिप्लायर जागेवरच, की झाले ४५०. "एकच खटका होता रे," सर म्हणाले. आमच्या प्रोसेसरमध्ये गंमत उलटी आहे. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा, पण त्याच घड्याळावर पीसीआय एक्स्प्रेस आणि साटासुद्धा टांगलेले. तो पाच-सहा टक्के वाढवला तरी हार्डडिस्क बिथरू शकते. म्हणून बेस क्लॉकला हात लावायचा नाही, फिरवायचा तो मल्टिप्लायर. ४३ केला की ४.३ गिगाहर्ट्झ, ४४ केला की ४.४.

आता प्रोजेक्ट. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा, अस्सल वऱ्हाडी. त्याने सी मध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. चार वेगवेगळ्या आकारांच्या फिन्स घ्यायच्या आणि काळ पुढे सरकेल तसं प्रत्येकीतलं तापमान कसं बदलतं ते काढायचं. चार आकार, चार कोअर, प्रत्येकावर एक प्रत. चारही कोअर कामाला लागले की हा प्रोसेसर मुळात ३.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि त्या वेगाने अंदाज निघाला ४० तासांचा. सबमिशन आठवड्यावर. गाइडने आकडे आधी बघायला मागितलेले.

गणित सोपं होतं. ४.४ वर गेलो तर ४० तासांचे साधारण ३१ तास. पार्टनरच्या डोळ्यांत चमक आली.

मी आधी मूळ सेटिंगवरच मेमटेस्ट आणि प्राइम९५ चालवून घेतलं. मुळातच दुखणं असेल तर ते ओव्हरक्लॉकच्या माथी नको. रॅम १३३३ वरच ठेवली, कारण एका वेळी एकच गोष्ट हलवली तरच बिघाड कुठून आला ते कळतं. मग मल्टिप्लायर ४० पासून एकेक पायरी वर. व्होल्टेज ऑटोवर ठेवलं तर आमचा बोर्ड ४४ ला १.३८ व्होल्ट देत होता. बोर्डाला आपल्या प्रोसेसरचा स्वभाव माहीत नसतो, म्हणून तो सढळ हाताने वाढतो, मेसमध्ये भात वाढतात तसा. मी ते हाताने ठरवायला घेतलं.

इथे लोड लाइन कॅलिब्रेशन नावाची सेटिंग भेटते आणि बहुतेक जण ती डोळे झाकून सगळ्यात वर ठेवतात. बायोसमध्ये १.३३५ लिहिलं तरी प्रोसेसरवर लोड आला की करंट वाढतो आणि व्होल्टेज खाली बसतं. ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते. लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, तेव्हा ते मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून ही सोय. कॅलिब्रेशन पूर्ण वर नेलं तर लोडखाली आकडा छान दिसतो, पण ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतही नाही इतकी छोटी असते आणि प्रोसेसर मात्र ती सोसतो. मी मधली पातळी निवडली. लिहिलेलं १.३३५, लोडखाली १.३१.

४४ वर १.२८ ला प्राइम९५चा एक वर्कर वीस मिनिटांत थांबला. प्राइम९५ मुळात मर्सेन प्राइम शोधायला लिहिलेला, पण त्याचा टॉर्चर टेस्ट आपल्यासारख्यांना वरदान आहे. तो नुसता प्रोसेसर तापवत नाही, आलेलं उत्तर माहीत असलेल्या उत्तराशी ताडूनही बघतो. राउंडिंग एरर ०.४ च्या आत हवी असताना ०.५ आली, की तो वर्कर बंद. मशीन मात्र मजेत चालूच होतं, गाणीसुद्धा वाजत होती!

१.३१ ला मात्र रात्रभर, दहा तास, एकही तक्रार नाही. तापमान ७१. सकाळी पार्टनर म्हणाला, "झालं ना बे! लाव आता." मी म्हटलं, अजून एक टेस्ट. तो वैतागला. "तू टेस्टच करत राहशीन तं माझं सबमिशन कधी होईन?" त्याचंही खोटं नव्हतं. टेस्टचा प्रत्येक तास त्याच्या आठवड्यातूनच जात होता.

माझ्या डोक्यात होती ती डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधली गोष्ट, जी आपण ओरलपुरती पाठ करतो. ४.४ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका ०.२२७ नॅनोसेकंदाचा. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ७ सेंटीमीटर जातो. तेवढ्या वेळात सिग्नलने गेट्सच्या सगळ्यात लांब वाटेवरून पुढच्या फ्लिपफ्लॉपपर्यंत पोचायचं. व्होल्टेज वाढवलं की तो लवकर पोचतो, चिप तापली की उशीर करतो. उशीर झाला तर दर वेळी निळा स्क्रीन येतो असं नाही. कधी नुसता एक बिट चुकतो. आणि आमची टेस्ट झाली होती रात्री. एप्रिलमधल्या दुपारी आमच्या वरच्या मजल्यावरची रूम काय असते, ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून दुपारी दीड वाजता पार्टनरचाच प्रोग्रॅम लावला, तीन तासांचं छोटं रूप. चारही कोअरवर एकच फिन, एकच इनपुट. प्रत्येक प्रत आपली आपण चालणारी, एकाच थ्रेडची. म्हणजे चारही आउटपुट फाइल्स अक्षरशः सारख्या यायला हव्यात, शेवटच्या दशांशापर्यंत.

तीन सारख्या आल्या. चौथी वेगळी.

फिनच्या टोकाशी फरक होता ०.६ अंशाचा. मशीन बंद पडलं नव्हतं, एररचा संदेश नव्हता. ग्राफ काढून पाहिला तर तोही गुळगुळीत. उष्णतेच्या गणिताचा हा वाईट गुण आहे. कुठेतरी एका बिंदूवर चुकीचा आकडा शिरला की तो टोचत राहत नाही, शेजाऱ्यांत वाटला जातो, विरघळतो. गाइडलाही तो ग्राफ बघून काही कळलं नसतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये शोधलं तेव्हा दुपारच्या वेळेच्या दोन नोंदी सापडल्या, व्हिया लॉगर, क्रमांक १९, दुरुस्त केलेली हार्डवेअर एरर. प्रोसेसरने ज्या पकडल्या त्या दोन. जी सुटली ती फाइलमध्ये.

पार्टनर बराच वेळ दोन्ही फाइल्सकडे बघत बसला. मग म्हणाला, "आन् हे मी रिपोर्टमध्ये छापलं असतं."

आता दोन वाटा. व्होल्टेज आणखी वाढवायचं किंवा एक पायरी उतरायचं. दुपारी कोअर आधीच ८२ वर होते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते आणि फ्रिक्वेन्सीच्या सरळ पटीत. मुळात लोडखाली १.२० व्होल्ट होतं. तिथून १.३१ आणि ४.३ वर आलो तरी वेग वाढतो २६ टक्के आणि तापवणारी वीज होते दीडपट. आणखी वर गेलो की हा सौदा आणखी महाग. उलट ४४ वरून ४३ वर उतरायचं, तर ४० तासांच्या कामात नुकसान किती? पार्टनरनेच कॅल्क्युलेटर काढला. ४३ मिनिटं. दोघंही हसलो, कारण त्या दिवशी बाहेर पाराही ४३ वरच होता.

मल्टिप्लायर ४३, व्होल्टेज तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच टेस्ट, दोनदा. आठच्या आठ फाइल्स सारख्या. इव्हेंट व्ह्यूअर कोरा. संध्याकाळी सात वाजता खरं काम लावलं. दर तासाला आकडे डिस्कवर उतरवायची सोय पार्टनरने घातली होती, लाइट गेली तर पहिल्यापासून नको म्हणून. लाइट गेली नाही. काम बत्तीस तासांच्या थोडं वर गेलं, कारण रॅम काही वेगवान झाली नव्हती. रात्री तीनला तो मला उठवून म्हणाला, "झालं!" आणि झोपला.

मशीन पुढच्या वर्षी ज्युनियर्सकडे जाईल. कॅबिनेटच्या दारावर आतून मी एक कागद चिकटवला आहे: मल्टिप्लायर ४३, बेस क्लॉक १००, व्होल्टेज १.३३५, कॅलिब्रेशन मधलं, रॅम १३३३. दर मार्चमध्ये धूळ काढून दुपारची टेस्ट पुन्हा घेणे. मे महिन्यात ४२. त्याखाली पार्टनरने बॉलपेनने लिहून ठेवलंय, "डिसेंबरात ४४ करून पाहा बे."