विरार लोकलचा थकवा की थायरॉईड?

"डॉक्टर, हल्ली फार थकायला होतं." वसईत माझ्या दवाखान्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय एकही दिवस जात नाही. पहाटे उठून डबे करायचे, विरार लोकलच्या गर्दीत उभ्याने चर्चगेट गाठायचे, रात्री तसेच परतायचे. माणूस थकणारच! नेमका हाच विचार करून मी एकदा चुकलो. नालासोपाऱ्याच्या एका चाळिशीतल्या ताईंना मी आठ महिने लोहाच्या आणि बी-१२ च्या गोळ्या देत राहिलो. केस गळत होते, पोट साफ होत नव्हते, आवाज जड झाला होता. मे महिन्यातही त्या पंखा बंद करायला सांगायच्या. शेवटी टीएसएच तपासला तर ८० च्या वर! तो साधारण ०.४ ते ४.५ असावा लागतो. थायरॉईड काम करेनाशी झाली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिला हाका मारू लागते. टीएसएच म्हणजे ती हाक. काम जितके कमी, हाक तितकी मोठी.

हा आजार दुर्मिळ नाही. मुंबईसह आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड मंदावलेली होती, म्हणजे नऊ जणांत एक. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना तोवर त्याचा पत्ताही नव्हता. स्त्रियांमध्ये प्रमाण बरेच जास्त. किनाऱ्यावरच्या शहरांत ते थोडे कमी आढळले, पण मासे खाणारे आपण सुटलो असे मुळीच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, हे आज याचे मोठे कारण आहे. आयोडीन पुरेसे मिळूनही तसे होते.

मिठागरांवरचे खडे मीठ समुद्राचे, म्हणून त्यात आयोडीन असणारच, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. ते नगण्य असते. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

टीएसएच ६-७ आला म्हणून लगेच जन्मभराची गोळीही मागू नका. गरोदर नसाल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. गरोदर असाल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर मात्र एक आठवडाही थांबू नका. बाळाची थायरॉईड सुरुवातीला काम करत नाही, ते आईवरच अवलंबून असते.

त्या ताईंचा टीएसएच गोळी सुरू करूनही उतरेना. विचारल्यावर कळले, गाडी चुकू नये म्हणून गोळी चहाबरोबर, आणि लगेच लोहाची गोळी! चहा-कॉफी, लोह, कॅल्शियम ही गोळी अंगी लागू देत नाहीत. आता डबी त्यांच्या उशाशी असते. सव्वाचारला उठल्या की पाण्याबरोबर गोळी, मग डबे, पाच वाजता चहा, आणि लोह दुपारी जेवणानंतर. गेल्या महिन्यात टीएसएच ३.१ आला. पंखा बंद करा, असे त्या या वेळी म्हणाल्या नाहीत.