इंदापूर ते लंडन : तासांचा हिशेब

आपल्या बारामती-इंदापूरकडची मुले आता शिकायला, नोकरीला पार लंडनपर्यंत पोचली आहेत. पारावर कुणी विचारले, "लंडन किती लांब हो?" की उत्तर तयार असते, "विमानाने नऊ-दहा तास!" मीही तेच सांगत असे. या हिशेबात मी एकदा कसा चुकलो, ते ऐका.

पळसदेवजवळच्या एका वस्तीवर माझे जाणे-येणे आहे. डाळिंबाच्या बागेपायी जुळलेला घरोबा. जानेवारीतल्या एका दुपारी तिथल्या आजी गेल्या. लाडका नातू लंडनला. त्याला त्याच रात्रीचे तिकीट मिळाले. विमान सुटायची वेळ रात्री 9. घरच्यांनी विचारले, "साहेब, पोरगं कवा पोचंल?" मी बोटे मोजली. नऊ तास धरले, म्हणजे पहाटे 6 ला मुंबई, दुपारी 1 पर्यंत घरी. त्यावरून 2 ची वेळ ठरली, पाहुण्यांना निरोप गेले.

सकाळी त्याचा फोन नाही. आला तो पावणेबाराला, "आत्ता उतरलो."

चूक अशी होती. तिकिटावर सुटायची वेळ असते ती सुटायच्या गावच्या घड्याळाची, आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. जानेवारीत तिथे रात्रीचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच झालेले असतात. त्यात नऊ तास मिळवा. पोचायची वेळ तिकिटावर छापलेली होती, मी ती विचारलीच नाही. खताची मात्रा ग्रॅममध्ये सांगणारा मी!

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. 8 जून 1948 ला एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. आता एका दमात जाते. जाताना दहा तासांच्या आसपास, येताना थोडे कमी. कारण फार उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो आणि येताना तो पाठीशी असतो. वाटेत एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले, तर वळसा पडतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, त्यांना मात्र कुणाची आडकाठी नाही.

बाकी वेळ जमिनीवर जातो. बारामतीला धावपट्टी आहे, पण मुंबईचे नेहमीचे प्रवासी विमान नाही. म्हणजे इंदापूर, भिगवण, पाटस, यवत करीत पुणे गाठायचे, मग घाट उतरून मुंबई. जवळजवळ तीनशे किलोमीटर. हडपसरला गाड्या तुंबल्या तर सहाचे सात तास कधी होतात कळत नाही. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहावे लागते. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामानाची वाट पाहणे. आपल्या उंबऱ्यापासून तिकडच्या खोलीपर्यंत बावीस-चोवीस तास धरा, दहा नव्हे.

त्या दिवशी 2 ची वेळ साडेचारपर्यंत ओढली. लांबचे पाहुणे सकाळपासून बसून होते. दिवस मावळायच्या आत उरकावे, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले. पोरगा साडेसातला आला, तो घरी न जाता तसाच पाण्याकडेच्या स्मशानात गेला. निखारे अजून लाल होते. मी मागे उभा होतो. माझा हिशेब चुकला, एवढे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही.

सावडायला मात्र तो होता.