दादाची गोळी

"ई गुळगी एष्टु दिवसा?" वहिनींनी डॉक्टरांना विचारलं. वहिनी गोकाककडच्या, घाबरल्या की कन्नडवर येतात. दादा मान खाली घालून बसलेला. आमच्याकडे 'धारवाडला नेलं' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, म्हणून गावात आम्ही पोटाचं दुखणं सांगितलं होतं.

गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी निदान सहा महिने मनानं बंद करायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, हेही बजावलं.

तीन महिन्यांत दादा पुन्हा मळ्यात जाऊ लागला. तेवढ्यात आमच्या एका काकांनी कात्रण आणलं. या गोळ्यांनीच माणसं जीव देतात म्हणे. आणि इतक्या गोळ्या खपून आत्महत्या कुठं कमी झाल्या? मला पटलं. "दादा, सोड आता," असं मीच म्हटलं. महिन्याभरात त्याचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं.

मग मी वाचायला बसले. आधीच बसायला हवं होतं. धोक्याची सूचना खरी आहे. अमेरिकेत २००४ मध्ये ती लहान मुलांसाठी आली, २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही. सुरुवातीला त्यांच्यावर नीट लक्ष ठेवा, हा तिचा रोख. आमचा दादा एकावन्न वर्षांचा!

काकांचा दुसरा प्रश्न मात्र अवघड. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये साध्या डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवलं. या गोळ्या जास्त दिल्या गेल्या, आत्महत्या घटल्या. पण मुख्यतः बायकांच्या. पुरुष डॉक्टरांकडे फारसे फिरकतच नव्हते. काही वर्षांत आकडे पुन्हा वर गेले. बेट लहान, त्यावरून जगाचा हिशेब मांडू नये. उलट श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. तिथं गोळीपेक्षा बाटलीचं काम मोठं. देशाचा आकडा असा अनेक गोष्टींनी हलतो. तो बघून दादाची गोळी थांबवणारी मी कोण?

आम्ही पुन्हा धारवाड गाठलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

आता फवारणीचं औषध मळ्यातल्या पेटीत, किल्ली वहिनींच्या कमरेला. आणि परवा पारावर कुणी तब्येत विचारली, तर दादाच म्हणाला, "धारवाडची गोळी चालू आहे."