पायऱ्या मोजायला शिकवणारी आत्या

आत्याचं माझ्यावरचं ऋण पैशाचं नाही. तिने माझी झोप वाचवली, आणि झोपेतही जागं राहता येतं हे शिकवलं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, एकादशी करायची, दर वर्षी पुण्यातून पालखीसोबत सासवडपर्यंत चालत जायची. मानसशास्त्राचं एकही पुस्तक तिने उघडलं नव्हतं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी पेठांत घुसलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. नारायण पेठेतला आमचा वाडा नदीजवळचा. आम्ही वेळेत निघालो म्हणून वाचलो, वाडा मात्र बसला. पर्वतीच्या पायथ्याशी आत्याचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, तिथे आम्ही राहायला गेलो. नदीचं पाणी ओसरलं, पण माझ्या स्वप्नात ते येतच राहिलं. मी वाड्याच्या जिन्यावर असायची, खालून गढूळ पाणी चढत यायचं, मी वर पळायची आणि माडी काही यायची नाही. किंचाळत उठायची.

घरातली मोठी माणसं आधीच खचलेली. “काही नाही, स्वप्न होतं, झोप,” एवढंच त्यांच्याकडून निघायचं. आत्या मात्र कंदिलाची वात वर करून शेजारी बसायची आणि विचारायची, “काय पाहिलंस? पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? तुझ्याबरोबर कोण होतं?” मी सांगेपर्यंत थांबायची. एकदा म्हणाली, “तुकोबांना गुरूंनी मंत्र दिला तो स्वप्नात. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नात. स्वप्न काही टाकाऊ गोष्ट नाही पोरी. तिथे जायचंच आहे, तर शुद्धीवर राहून जा.”

शुद्धीवर कसं राहायचं, तेही तिनेच ठरवून दिलं. तिच्या बिऱ्हाडाच्या जिन्याला अकरा पायऱ्या होत्या. प्रत्येक वेळी चढताना त्या मोजायच्या आणि वर पोचलं की स्वतःला विचारायचं, मी आत्ता जागी आहे की झोपेत? नुसतं म्हणायचं नाही, आजूबाजूला बघून खरोखर ठरवायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती विचारायची, “आज पाणी आलं तर काय करशील?” मी म्हणायची, पायऱ्या मोजीन. “आणि अकराच्या पुढे गेल्या तर?” तर ते स्वप्न आहे, मग मी मागे वळून बघीन. हा पाठ रोज व्हायचा.

दिवाळीच्या सुमारास तो पाठ स्वप्नात आठवला. पाणी चढत होतं, मी मोजत पळत होते, अकरा झाल्या, बारा, तेरा, आणि जिना तसाच पुढे. त्या क्षणी मला लख्ख कळलं की हे स्वप्न आहे, मी आत्याच्या घरात, तिच्या गोधडीत झोपले आहे. मी थांबले आणि वळले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. ते गारसुद्धा नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्यानेच जाग आली. त्यानंतरही पाणी अधूनमधून स्वप्नात आलं, पण मी त्याच्यापुढे पळाले नाही.

आत्याने काय केलं होतं, ते कितीतरी वर्षांनी पुस्तकांतून कळलं. अशा स्वप्नांना ‘लुसिड ड्रीम’ हे नाव देऊन डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी १९१३ मध्ये स्वतःचे अनुभव सविस्तर मांडले. तरी शास्त्रज्ञांचा विश्वास बसत नव्हता. झोपलेला माणूस ‘मला कळतंय’ हे सांगणार कसं? उत्तर डोळ्यांत सापडलं. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या अवस्थेत, हातपायांचे स्नायू लुळे असतात, पण डोळे फिरत असतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अ‍ॅलन वर्सली यांना सांगून ठेवलं, की स्वप्नात भान आलं तर डोळे ठरल्याप्रमाणे डावीउजवीकडे फिरवा. वर्सलींनी ते फिरवले आणि यंत्रावर खूण उमटली, मेंदूचा आलेख मात्र झोपेचाच होता. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी स्वप्नात असलेल्या माणसांना साधी गणितं घातली. आठातून सहा वजा किती, या प्रश्नाला एकाने झोपेतच डोळ्यांनी बरोबर उत्तर दिलं.

लाबर्ज यांची शिकवण्याची पद्धत वाचताना मला आत्याचा आवाज ऐकू येत होता. दिवसा स्वतःला तपासायचं, झोपण्यापूर्वी जुनं स्वप्न डोळ्यांसमोर आणून त्यात आपल्याला भान आलंय असं पाहायचं, तोच संकल्प मनात धरून झोपायचं. भयस्वप्नांवर आज उपचार करतात तेही स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून, त्याची रोज उजळणी करून. डोक्याला तारा चिकटवून परक्या खोलीत झोपलेल्या त्या माणसांचीही मी ऋणी आहे. आठ वर्षांच्या मुलीने अनुभवलेली गोष्ट खरी होती, याचा पुरावा त्यांनी दिला.

या स्वप्नांचा अर्थ काय, हा प्रश्न मला आयुष्यभर सोबत करत आला आहे. सुरुवातीला मी पर्वतीवरून उडत गेले, दुकानांच्या पाट्या वाचल्या आणि दुसऱ्यांदा पाहताना अक्षरं बदललेली पाहिली. पुढे हे खेळ कमी झाले आणि नुसतं पाहणं उरलं. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न आणि सुषुप्तीच्या पलीकडे चौथी अवस्था सांगतं. पतंजलींनी स्वप्न आणि निद्रेतलं ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचं एक आलंबन मानलं. मी तिथवर पोचले असा माझा दावा नाही. पण एवढं मी अनुभवानं सांगते: भीती निर्माण करणारं आणि भीतीकडे पाहणारं मन एकच आहे, आणि ते पाहायला लागलं की भीतीचा जोर ओसरतो. जागेपणीही हे शिक्षण माझ्या उपयोगी पडलं, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, यजमान गेल्यानंतरच्या दिवसांत.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. एकदा ती स्वप्नात दिसली, आणि हे स्वप्न आहे, ही आत्या माझ्या आठवणीतून उभी राहिली आहे, हे मला तिथेच कळलं. तरीही मी वाकून नमस्कार केला. माझ्या लेखी तो नमस्कार खरा आहे, कारण करणारी मी शुद्धीवर होते.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी झोप मोडून त्याच्यामागे लागू नये, आणि ज्यांना जागेपणीही खरं काय नि भास काय हे कळेनासं होतं त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. बाकीच्यांना माझी एकच विनंती आहे. घरातलं मूल रात्री घाबरून उठलं, तर ‘काही नाही, झोप’ म्हणू नका. दिवा लावा, शेजारी बसा आणि त्याने काय पाहिलं ते विचारा.