जलाशयाकाठचे दोन दिवस

संगमनेरच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापारी कुटुंबाने गेल्या माघात दोन दिवस भंडारदऱ्याला घालविले. घरात तीन महिन्यांचे बाळ असताना प्रवास कशाला, असा आजींचा प्रश्न होता. परंतु बाळंतपणानंतर सुनेला एकही रात्र सलग झोप मिळालेली नाही, हे आजोबांनी पाहिले होते. त्यांनी दुकानाच्या किल्ल्या मुनीमजींकडे सोपविल्या.

प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी सह्याद्रीच्या कुशीत विसावलेले आहे. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर. मोठ्या नातवंडांनी पाण्यात उतरण्याचा हट्ट धरला, तेव्हा आजींनी अप्कायाची आठवण दिली. पाणी काठावरून पाहण्यातही सुख असते, हे मुलांना हळूहळू पटले. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकल्याने संध्याकाळ सर्वांना मोकळी मिळाली.

रात्री बाळ रडू लागले, तेव्हा आजोबांनी त्याला उचलले आणि नवकार म्हणत व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. स्वतःच्या मुलांना रात्री असे कडेवर घेतल्याचे त्यांना आठवत नव्हते. ती वर्षे दुकानाने नेली होती. सून सकाळपर्यंत झोपली.

व्यापारी घरांत सुटी खर्चाच्या बाजूला मांडली जाते. मात्र घरातील थकलेल्या जिवाला मिळालेली विश्रांती कोणत्याच खात्यात जमा होत नाही. सूक्ष्म जीवांसाठी पाणी गाळून घेणाऱ्या घराने सुनेची झोपही राखावी. जीवदयेत तीही येते.

परतल्यानंतर पहाटेची पाळी आजोबांनी स्वतःकडेच ठेवली. दुकान आता अर्धा तास उशिरा उघडते.